चित्रकार्डांची वही: वर्गात नऊ महिने वापरल्यावर

सांगलीजवळच्या एका छोट्या केंद्रात मी विशेष शिक्षिका आहे. जूनपासून आम्ही पेक्स, म्हणजे चित्र हातात देऊन वस्तू मागायची पद्धत, एका मुलासोबत नेमाने वापरतोय. दिवाळीनंतर आणखी दोघांसोबत. 1985 साली अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ही पद्धत सुरू केली. तिचे सहा टप्पे ट्रेनिंगमध्ये पाठ होतात. वर्गात मात्र पहिल्या टप्प्यालाच आमचा जवळजवळ महिना गेला.

मुलगा सहा वर्षांचा. इथे त्याला चिनू म्हणते. बोलणं नाही, हवं ते मिळालं नाही की स्वतःचं मनगट चावायचा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ऑटिझम (स्वमग्नता) किती आहे हे मोजणाऱ्या आयएसएए चाचणीत तो 107 ते 153 या मध्यम गटात आहे. चाळीस बाबींची ती चाचणी गरजेची आहेच, पण सोमवारी सकाळी त्याच्यासमोर बसून काय करायचं ते त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळलं त्याच्या आवडीवरून: भडंग आणि दिव्याचा भोवरा.

पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, भडंग घेऊन. दुसरं मुलाच्या पाठीमागे. त्याने भडंगाकडे हात नेला की मागच्याने तोच हात कार्डाकडे वळवायचा, कार्ड उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करायची. समोरच्याने लगेच 'भडंग!' म्हणत चार दाणे द्यायचे. 'काय पाहिजे?' विचारायचं नाही, 'कार्ड दे' म्हणायचं नाही, आणि मागच्याने तर अवाक्षरही काढायचं नाही. आमच्या मदतनीस मावशींच्या तोंडून सुरुवातीला 'घे की रं सोन्या' निघायचंच. माझं चुकत होतं ते वेगळंच. माझा तळहात आधीच पुढे जायचा, आणि चिनू भडंग सोडून माझ्या तळहाताची वाट बघत बसायचा. मी हात मांडीवर ठेवायला शिकले, मावशी गप्प राहायला शिकल्या, आणि मग एका दुपारी कार्ड आपणहून आलं. एकट्या शिक्षिकेच्या वर्गात हा टप्पा नीट होत नाही. केंद्र चालवणाऱ्यांनी मदतनिसांनाही ट्रेनिंगला पाठवायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

दुसऱ्या टप्प्यात आपण लांब जायचं, वहीही लांब ठेवायची, म्हणजे मूल माणसाला शोधत येतं. हा भराभर झाला. तिसऱ्यात दोन कार्डांतून एक निवडायचं असतं. भडंग आणि मोजा अशी जोडी ठेवली. मोज्याचं कार्ड दिलं की हातात खरोखर मोजाच द्यायचा. दोनच दिवसांत तो कार्डाकडे नीट बघून उचलायला लागला.

चौथ्या टप्प्यात कार्डं एका पट्टीवर ओळीने लावून वाक्य करायचं आणि ती पट्टी हातात द्यायची असते. इथे मराठीचा प्रश्न आला. इंग्रजी पट्टीवर 'मला हवं' हे एकच चित्र आधी येतं आणि वस्तू नंतर. मराठीत क्रियापद शेवटी, शिवाय भोवरा हवा, पोळी हवी, पाणी हवं. तीन कार्डं करू का, या विचारात मी दोन आठवडे घालवले. आमच्या स्पीच थेरपिस्ट ताईंनी विचारलं, 'त्याच्या घरी कसं बोलतात?' घरी सगळे 'पाहिजे' म्हणतात. भोवरा पाहिजे, पोळी पाहिजे, पाणी पाहिजे. लिंगाप्रमाणे रूप बदलतच नाही. आता पट्टीवर तीन चौकोन आहेत: 'मला', वस्तू, 'पाहिजे'. ज्यांना पट्टी करायची आहे त्यांनी आधी घरची बोली ऐकून घ्यावी.

सामानाबद्दल थोडं. कार्ड आधी कापा, मग लॅमिनेट करा, आणि कडेला प्लास्टिकची रेघ सुटी ठेवा. नाहीतर लाळ आत जाते आणि पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. वेल्क्रोची खरखरीत बाजू कुठे आणि मऊ कुठे, हे पहिल्या दिवशी ठरवा. वर्गातली एक मुलगी वेल्क्रोच्या फर्रर आवाजाने कान झाकायची. तिच्यासाठी कार्डांना चुंबक लावले आणि पत्र्याची ट्रे घेतली. (स्टीलच्या ताटाला चुंबक धरेलच असं नाही, आधी लावून बघा.) फोटो चित्रापेक्षा लवकर ओळखले गेले, पण निळ्या पेल्याचा फोटो काढला तेव्हा चिनू दुसऱ्या भांड्यातलं पाणी घेईना. मग चार भांड्यांचे फोटो आलटून पालटून लावले.

घरी वही खिळ्याला टांगलेलीच राहिली, दोन महिने. आजी म्हणाल्या, 'बाई, त्यानं मागायच्या आधी मला कळतंय.' खरंच कळतं त्यांना. मी एवढंच म्हटलं, आजी, तुम्ही गावाला गेलात की कुणाला कळणार? तेव्हापासून बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला आणि वही खाली आली.

कार्डांमुळे बोलणं थांबेल का, हे प्रत्येक पालक विचारतात. आजवरच्या संशोधनात तसं दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट वाढलं आहे. चिनू अजून बोलत नाही. पट्टी देताना कधीकधी 'पा' असा आवाज काढतो. त्याहून जास्त मी त्याच्या आईला कबूल केलेलं नाही. मनगट चावणं बरंच कमी झालंय, आणि त्यात 'नको' आणि 'थांब' या कार्डांचा मोठा वाटा आहे. ती सुरुवातीपासून द्यायला हवी होती. एका दिवसात त्याने भडंगाचं कार्ड इतक्यांदा आणलं की मी ते लपवलं. त्या दुपारी तो पुन्हा चावला. कार्ड लपवणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. आता कार्ड वहीतच राहतं, आम्ही 'संपलं' दाखवतो आणि रिकामा डबा उघडून देतो.

टॅबलेट परवडत असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही. पुढच्या वर्षी एका मुलीसोबत ते सुरू करायचं ठरवलंय.

आईने पहिल्या भेटीत विचारलं होतं, 'दुखलं तर सांगेल का?' पेक्सची सुरुवात मागण्यापासून होते, त्यामुळे हे लांब राहतं. जानेवारीत मैदानात त्याचा गुडघा खरचटला. साबणाच्या फुग्यांसाठी आमच्याकडे एक कार्ड आहे, फुंकर मारणाऱ्या तोंडाचं. तो वहीपाशी गेला, पट्टी लावली, 'मला, फुंकर, पाहिजे', आणि ती मावशींच्या हातात देऊन गुडघा पुढे केला. त्याच आठवड्यात आम्ही 'दुखतंय'चं पान सुरू केलं: गुडघा, पोट, डोकं, कान. गुडघा आणि पोट जमलंय. कानावर अजून काम चालू आहे.