मंत्रचळाची चाचपणी: मुलाने भरायची प्रश्नावली की तज्ज्ञांची मुलाखत?

ऐरोलीतल्या शेजारच्या वहिनींचा पेच असा: नववीतला मुलगा सारखा हात धुतो, गॅसचं बटण पुन्हापुन्हा तपासतो. हा मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हापुन्हा होणं) तर नव्हे? आधी प्रश्नावली भरून घ्यावी, की थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठावा?

ओसीआय-सीव्ही ही ७ ते १७ वयाच्या मुलांनी स्वतः भरायची प्रश्नावली. २१ वाक्यं, प्रत्येकाला ० ते २ गुण, पटकन आटोपते. सी-वायबॉक्स ही मुलाखत. त्रासदायक विचारांत आणि कृतींत वेळ किती जातो, ते थोपवता येतात का, हे तज्ज्ञ मुलाला व पालकांना विचारून ४० पैकी गुण देतात. वेळ बराच जातो. खाजगीत फी आलीच. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी सरकारी आहे.

खरा फरक लपवाछपवीत. मनात येणारे घाणेरडे विचार काही मुलांना कागदावर कबूल करणं सोपं जातं. काही सगळीकडे शून्य टाकून मोकळी होतात. मुलाखतीत आई म्हणते, ‘अहो, आंघोळीला तास लावतो!’ आणि चित्र पालटतं. निदान मात्र नुसत्या गुणांवर होत नाही, ऑनलाइन जाहिराती काहीही म्हणोत.

नुसती शंका असेल, किंवा शाळेच्या समुपदेशकाला बरीच मुलं तपासायची असतील, तर प्रश्नावली पुरे. अभ्यास, जेवण, झोप विस्कटली असेल तर थेट मुलाखत. उपचारांनी किती फरक पडला हे मोजायलाही तीच कामी येते. वहिनींना मी मुलाखतच सुचवली.