‘मिलिटरी’ होकायंत्राच्या नावाखाली

सोलापुरात भटकंती करणाऱ्या एका गटासाठी सहा ‘मिलिटरी, प्रोफेशनल’ होकायंत्रं घेतली गेली, नगाला १,८५० रुपयांनी. हिरवा रंग, हातात जड, झाकण उघडलं की भिंग. मैदानात दहा-दहा फुटांवर उभं राहून सहाही जणांनी लांबच्या एकाच पाण्याच्या टाकीवर नेम धरला, तर टोकाच्या दोन आकड्यांत ११ अंशांचं अंतर. विक्रेत्याचं म्हणणं, “हितं जमिनीत लोखंड असंल, साहेब.”

११ अंश म्हणजे किलोमीटरभर चाललं की सुमारे १९० मीटरची चूक. नान्नजच्या माळरानासारख्या सपाट मुलखात, जिथं खूण म्हणून धरायला डोंगर नाही, तिथं तेवढ्यानं वाट पुरती चुकते.

ज्याची नक्कल केलेली असते त्या अमेरिकन लष्करी लेन्सॅटिकमध्ये (भिंगातून आकडा वाचायच्या होकायंत्रात) द्रव नसतोच. तबकडी थांबते ती तांब्याच्या वाटीत तयार होणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे. बाहेरची कडी फिरवली की दर ३ अंशांना एक ‘टिक’, पूर्ण फेरीत १२०. अंधारातला उजेड ट्रिटियम या किरणोत्सारी वायूचा, म्हणून तो बॅटरी न दाखवताही वर्षानुवर्षं टिकतो. नकलेत द्रव भरलेला, उजेड साध्या रंगाचा, थोड्या वेळात मंद होणारा. कडीचे टिक मोजून बघा, हिशेब बसत नाही.

पण खरी गोम सुईखाली असते. सुई ज्या खुंटीवर फिरते तिचं टोक बोथट असलं की सुई घासते आणि थांबेल तिथं थांबते. दुसरी भानगड समतोलाची. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा सोलापुरात जमिनीकडे जेमतेम वीस-पंचवीस अंश झुकतात, उत्तर युरोपात सत्तरच्या घरात. तिकडच्यासाठी तोललेल्या सुईचं दक्षिण टोक इथं खाली जाऊन तळाला टेकतं. हे ब्रँडेड मालातही होतं, म्हणून ‘ग्लोबल’ (कुठंही आडवी राहणारी) सुई किंवा आपल्या भागासाठी तोललेली सुई मागावी.

पैसे देण्याआधी दुकानाबाहेर, गाड्या आणि लोखंडी शटरपासून दहा पावलं लांब जा. मोबाइल सोबत्याकडे द्या. होकायंत्र आडवं धरा, किल्ली जवळ नेऊन सुई हलवा, किल्ली दूर न्या, आकडा लिहा. असं पाच वेळा. आकड्यांत २ अंशांपेक्षा जास्त फरक पडला की यंत्र परत करा. मग एका खांबावरून दुसऱ्याचा आकडा घ्या आणि तिकडे जाऊन उलटा घ्या, फरक १८० यायला हवा (खांब लाकडी किंवा सिमेंटचे असले तरी त्यांना चिकटून उभं राहू नका, आत सळया असतात). काळ्या कातळावर ठेवून तर कधीच तपासू नका. या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, कधी कधी सुई फिरते. विक्रेत्याची सबब यातूनच आलेली, पण तेवढ्यानं एकाच मैदानात सहा यंत्रं सहा आकडे दाखवत नाहीत.

भटकंतीला साधं पारदर्शक पट्टीचं, द्रव भरलेलं, २ अंशांच्या खुणांचं होकायंत्र पुरतं. पट्टीवर १:५०,०००ची मोजपट्टी असावी, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ ओ/१४ या सोलापूरच्या नकाशावर थेट चालते. आरसा आणि उतारमापक असलेलं महागडं यंत्र मोजणी करणाऱ्यांनी घ्यावं. त्यातल्या चुंबकीय फरक (सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतलं अंतर) जुळवण्याच्या स्क्रूसाठी आपल्याकडे वेगळे पैसे मोजू नयेत, सोलापुरात तो फरक दीड अंशाच्या आतच आहे. गड्ड्याच्या जत्रेत मिळणारं खेळण्यातलं होकायंत्र निदान खेळणं म्हणून तरी विकतात.

खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी नसेल तर तिथूनच मागे फिरा. बिलावर ‘होकायंत्र’ एवढंच न लिहिता मॉडेलचं नाव लिहून घ्या. फसलाच असाल तर पाच वेळा घेतलेल्या आकड्यांचा व्हिडिओ काढून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.