पहिल्यांदाच इस्तंबूल: तोपकापी की दोल्माबाहचे, आणि असेच आणखी काही पेच

इस्तंबूलसाठी हाताशी तीन-चार दिवस असतील, तर बघायच्या जागांची यादी करायला बसल्यावर थोड्याच वेळात कळतं की सगळं बसणार नाही. आधी बायझंटाइन आणि मग ऑटोमन, अशा साम्राज्यांची हे शहर सोळाएकशे वर्षं राजधानी होतं. त्यामुळे इथे महाल दोन, थोर घुमट दोन, जुने बाजार दोन. सगळं पाहणं जमलं तर सोन्याहून पिवळं. पण पहिल्या भेटीत निवड करावीच लागते, आणि ती नुसत्या प्रसिद्धीवर करू नये असं मला मनापासून वाटतं. कुठल्या जागेला किती वेळ, पैसा आणि पायपीट लागते आणि बदल्यात काय हाती येतं, हे बघून ठरवावं.

दोन महाल

सगळ्यात मोठा पेच हाच, कारण दोन्हीकडचं तिकीट महाग आहे आणि दोन्हींना अर्धा-अर्धा दिवस लागतो.

१४५३ मध्ये शहर जिंकल्यावर काही वर्षांतच ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदने तोपकापी महाल बांधायला घेतला. पुढे जवळपास चारशे वर्षं सुलतानांचा मुख्य मुक्काम इथेच होता. राजवाडा म्हटल्यावर जी एकसंध, उंच, दिपवणारी इमारत डोळ्यांपुढे येते, ती इथे नाही. एकामागून एक चार चौक, त्यांत झाडं, आणि भोवती वेगवेगळ्या पिढ्यांनी बांधलेली बसकी दालनं. पुण्या-साताऱ्याकडचे जुने चौकाचे वाडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही मांडणी चटकन उमगेल: जितकं आत जावं तितकी माणसं कमी आणि मान मोठा. पहिल्या चौकात सामान्य माणूसही येऊ शके. दुसऱ्या चौकाच्या दारातून घोड्यावर बसून आत जायचा मान एकट्या सुलतानाचा. याच चौकात वजीर मंडळींचा दिवाण भरे, आणि वरच्या जाळीच्या खिडकीआड बसून सुलतान त्यांचं बोलणं ऐके. तो तिथे आहे की नाही, हे खाली बसलेल्यांना कळत नसे. ती खिडकी आजही दिसते. सत्ता कशी चालवली जात असेल, याचा अंदाज ती पाहून जितका येतो तितका खजिन्यातले जडजवाहीर पाहून येत नाही.

अर्थात खजिनाही बघावाच. ८६ कॅरेटचा प्रसिद्ध हिरा आहे, पण मला जास्त मोलाचा वाटतो तो तीन मोठाले पाचू जडवलेला खंजीर. तो इराणच्या नादिरशहाला नजराणा म्हणून पाठवला होता. दिल्ली लुटणारा तोच हा नादिरशहा. १७४७ मध्ये त्याचा खून झाल्याची बातमी वाटेतच आली आणि खंजीर माघारी आला. पुढे पवित्र अवशेषांच्या दालनात कुराणाचं पठण अखंड चालू असतं. तिथे आवाज खाली ठेवावा, अंगभर कपडे असावेत.

हरम, म्हणजे जनानखाना, मात्र चुकवू नका. दमलेले लोक नेमका हाच भाग गाळतात. अरुंद बोळ, इझनिकच्या निळ्या-तांबड्या टाइल्स, सुलतानाच्या आईची दालनं, आणि थोर ऑटोमन वास्तुविशारद मिमार सिनानने बांधलेलं तिसऱ्या मुरादचं दालन. तोपकापीचं मन कुठे असेल तर ते इथे आहे.

आता दोल्माबाहचे. सुलतान अब्दुलमजीदला तोपकापी जुनाट वाटू लागला. युरोपातल्या राजांच्या तोडीचं काहीतरी हवं म्हणून त्याने बाल्यान या आर्मेनियन वास्तुविशारद घराण्याकडून बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठावर नवा महाल बांधून घेतला. तो १८५६ मध्ये पूर्ण झाला. २८५ खोल्या, ४६ दालनं, स्फटिकाचे कठडे असलेला जिना, दरबार हॉलमध्ये साडेचार टनांचं झुंबर. साम्राज्य कर्जाच्या वाटेला लागलेलं असताना हा खर्च झाला, आणि १८७५ मध्ये तर सरकारने कर्जफेड जमत नसल्याचं जाहीरच केलं. हे माहीत असलं की छतावरचं सोनं वेगळं दिसू लागतं.

दोल्माबाहचेत दोन गोष्टी मन धरून ठेवतात. एक म्हणजे आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांची खोली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी ते इथे वारले. पलंगावर तुर्की ध्वज अंथरलेला आहे. तुर्की माणसं त्या दाराशी आली की बोलायची थांबतात. दुसरी गोष्ट आपल्याकडे येऊन पोचते. शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद याच महालात राहत होता आणि मार्च १९२४ मध्ये त्याला इथूनच देशाबाहेर काढलं. त्याची मुलगी दुर्रुशेहवार १९३१ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाची बायको झाली. मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता.

माझा कौल: पहिल्या भेटीत तोपकापी, तोही हरमसकट. दोल्माबाहचेसारखी झुंबरं आणि सोनेरी छतं युरोपात इतरत्रही बघायला मिळतात, तोपकापीसारखी जागा मिळत नाही. शिवाय दोल्माबाहचेत आत फोटो काढू देत नाहीत आणि ठरलेल्या वाटेनेच फिरावं लागतं. पण दिवसभर पाऊस असेल, किंवा आधुनिक तुर्कस्तान कसा घडला याचीच ओढ असेल, तर खुशाल उलटं करा. आणि दोल्माबाहचेचा सर्वांत सुंदर भाग तर फुकट आहे. पाण्यावरून दिसणारी त्याची शुभ्र दर्शनी बाजू! बेशिकताशच्या धक्क्यावर येणाऱ्या साध्या फेरीबोटीतून ती छान दिसते.

दोन घुमट

हागिया सोफियाबद्दल सांगताना आधी व्यवहाराचं. मुळात चर्च, मग मशीद, मग संग्रहालय असलेली ही वास्तू २०२० पासून पुन्हा मशीद आहे. २०२४ च्या सुरुवातीपासून परदेशी पर्यटकांना २५ युरोंचं तिकीट काढून वेगळ्या दाराने फक्त वरच्या सज्जात जाता येतं. खालचा भाग नमाजासाठी आहे. नमाजाला येणाऱ्यांचं दार वेगळं आणि मोफत. शिवाय २०२५ मध्ये घुमटाची मोठी डागडुजी सुरू झाली आणि आत परांची उभी राहिली. हे लांबणारं काम आहे. त्यामुळे जुन्या फोटोंतलं मोकळं, अथांग दृश्य मनात धरून गेलात तर हिरमोड होईल.

मग २५ युरो द्यावेत का? माझ्या मते, हो. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने ५३२ ते ५३७ अशा पाचच वर्षांत ही वास्तू उभी केली. सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट चौरस पायावर तोललेला. वीसेक वर्षांतच, ५५८ मध्ये तो कोसळला आणि पुन्हा बांधला गेला. या वास्तूतली उत्तम मोझेइक चित्रं वरच्या सज्जातच आहेत. तिथल्या येशूच्या चेहऱ्यावरचे भाव रंगीत काचेच्या आणि दगडाच्या बारीक तुकड्यांतून साधलेत यावर विश्वास बसत नाही. त्याच सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंगने आपल्या लिपीत नाव कोरून ठेवलं आहे.

सुलेमानिये मशिदीला तिकीट नाही. सिनानने १५५० ते १५५७ मध्ये ती सुलतान सुलेमानसाठी बांधली. इथे तुम्ही गालिच्यावर, घुमटाच्या खाली बसू शकता, आणि अशी जागा उभं राहून नव्हे तर बसूनच कळते. सिनानच्या डोळ्यांसमोर हागिया सोफियाचाच घुमट होता. त्याच कोड्याला त्याने अधिक स्वच्छ, उजेडाचं उत्तर दिलं. पुढे म्हातारपणी हागिया सोफियाच्या भिंतींना आधार बांधून देण्याचं कामही त्याच्याकडेच आलं. मागच्या आवारात सुलेमान आणि त्याची बायको हुर्रम यांच्या कबरी आहेत, आणि तिथून खाली गोल्डन हॉर्न या खाडीचं पाणी दिसतं.

खिसा आखडता असेल तर एकटी सुलेमानिये पुरे. जमत असेल तर दोन्ही बघा, मात्र आधी हागिया सोफिया आणि मग सुलेमानिये, याच क्रमाने. सहा मिनारांची निळी मशीद हागिया सोफियाच्या समोरच आहे, मोफत आहे, जाता जाता होते. ३३६ खांबांचं भूमिगत जलाशय तासाभरात बघून होतं. उन्हाळ्याच्या दुपारी तिथला गारवा सुखाचा.

पाणी आणि बाजार

एमिनोनूच्या धक्क्यावर पर्यटकांच्या बोटींसाठी हाका मारणारे खूप भेटतील. दीड-दोन तासांची ती फेरी वाईट नाही. दिवस मोकळा असेल तर काळ्या समुद्राच्या तोंडाशी अनादोलू कावाईपर्यंत जाणारी शहर-सेवेची लांब सफर आहे. पण तीन दिवसांत यातलं काहीच नको, असं मी सांगेन. शहरातल्या प्रवासाचं इस्तंबूलकार्ड घ्या आणि लोक कामाला जातात त्या फेरीबोटीने पलीकडच्या आशियाई काठावरच्या कादिकोयला जा. तिथल्या मंडईत फिरा आणि संध्याकाळी परत या, शक्यतो उघड्या डेकवर, हातात चहा घेऊन. जुन्या शहराचे घुमट-मिनार एका रेषेत दिसतात ते या परतीच्या वाटेवर.

ग्रँड बझार फिरायला, मसाला बाजारामागच्या गल्ल्या खरेदीला. ग्रँड बझारमध्ये घासाघीस करायची तयारी ठेवा. कॉफी, सुका मेवा, मिठाई बाहेरच्या गल्ल्यांत घेतलेली बरी.

मुक्काम आणि पोट

हागिया सोफियाच्या भोवतालच्या सुलतानअहमेत भागात राहिलात तर सगळं पायी होतं, पण रात्री तो भाग लवकर निजतो आणि जेवण महाग. काराकोय-गलाता भागात संध्याकाळी जाग असते, मात्र चढ-उतार फार. सोबत आई-वडील असतील तर सुलतानअहमेत किंवा सिर्केजी, नाहीतर काराकोय. दोन्हीकडून टी-१ ट्राम जाते.

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. मसूर डाळीचं सूप, चीज किंवा पालक भरलेली गोझलेमे ही पोळी, ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या, सिमित हा तीळ लावलेला गोल पाव सगळीकडे मिळतात. ‘एत्सिझ’ म्हणजे मांसाशिवाय, एवढा शब्द लक्षात ठेवा आणि सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारा. सुलेमानियेसमोरच्या खाणावळींत पांढऱ्या घेवड्याची रस्सेदार भाजी आणि भात मिळतो. तिच्यातही मांस आहे का, हे विचारूनच घ्या.

विमानाची तारीख पक्की करण्याआधी वार बघून घ्या. तोपकापी मंगळवारी बंद, दोल्माबाहचे सोमवारी, ग्रँड बझार रविवारी. शुक्रवारी दुपारी मोठ्या नमाजाच्या वेळी मशिदींत पर्यटकांना प्रवेश नसतो, तेव्हा ती वेळ कादिकोयच्या फेरीसाठी ठेवा. तोपकापीला सकाळी दार उघडतानाच पोचा आणि सुरुवात हरमपासून करा. खजिन्यापुढची रांग नंतरही लागायचीच आहे.