गुडघा सुजला: क्लॅमिडियामुळे की गोनोरियामुळे?

दोन्ही लैंगिक संसर्गच, पण सांध्यात घडतं ते वेगळं. क्लॅमिडियानंतर साधारण 1 ते 4 आठवड्यांनी गुडघा किंवा घोटा सुजतो, टाच दुखते, कधी डोळे लाल होतात. ही प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया. सांध्यातल्या पाण्याच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) जंतू वाढत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक (100 मिग्रॅ, दिवसातून 2 वेळा, 7 दिवस) संसर्ग घालवतं, सूज नाही. तिला नेप्रोक्सेनसारखं सूज-वेदना कमी करणारं औषध लागतं, अनेकदा कित्येक आठवडे.

गोनोरियात जंतूच रक्तातून सांध्यात शिरतात: ताप, मनगटाच्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) सूज, कातडीवर पुटकुळ्या. इथे सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन तातडीने हवं. गंमत म्हणजे कल्चर इथेही बरेचदा निगेटिव्ह येतं, म्हणून लघवी आणि घशाचीही तपासणी करावी. या तपासण्यांआधी सांध्यात स्टिरॉइड टोचणं धोक्याचं. जोडीदाराचे उपचार दोन्हीकडे लागतात.