पोस्टग्रेसचे ट्रिगर: रंगपंचमी ते दिवाळी वापरून झाल्यावर

रंगपंचमीला इंदूरात गेर (रंग उडवत जाणारी मिरवणूक) निघते, राजवाड्याकडे पाय ठेवायला जागा नसते आणि बाजार बंद असतो, म्हणून मी मुद्दाम तोच दिवस धरला होता. सियागंजातल्या एका होलसेल किराणावाल्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर मी सांभाळते, त्याचा डेटा त्या दिवशी पोस्टग्रेस १५ या डेटाबेस सर्वरवर हलवला. आता दिवाळीचा सीझन पण काढून झालाय, ८ महिने होत आले, तर म्हटलं लिहून टाकू. अख्ख्या पोस्टग्रेसबद्दल नाही लिहीत, फक्त ट्रिगरबद्दल (टेबलात ओळ पडली, बदलली किंवा उडाली की आपोआप चालणारा कोड), कारण माझे सगळ्यात जास्त तास त्यातच गेले.

आमचं काम साधं आहे. बिलाची ओळ पडली की गोदामातल्या मालातून वजा, बिल रद्द झालं की परत जमा, आणि कोणी काय बदललं त्याची नोंद वेगळ्या टेबलात. पण माल तीन वाटांनी हलतो, काउंटरवरून, मुनीमजींच्या स्क्रीनवरून आणि रात्री गोदामातून येणाऱ्या फाइलीतून, म्हणजे हेच लॉजिक अ‍ॅपमध्ये ठेवायचं तर तीनदा लिहा आणि तीनदा विसरा. म्हणून ट्रिगर.

आधी मायएसक्यूएल ५.६ हा दुसरा डेटाबेस होता. त्यात एका टेबलावर एका वेळेला (बिफोर म्हणजे बदलाच्या आधी किंवा आफ्टर म्हणजे नंतर) एका घटनेसाठी (इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट) एकच ट्रिगर चालायचा (५.७ पासून जास्त ठेवता येतात, क्रम पण सांगता येतो), त्यामुळे सगळा मसाला एकाच ट्रिगरात कोंबलेला. आणि फॉरेन की च्या (दोन टेबलांना बांधणाऱ्या दुव्याच्या) कॅस्केडने, म्हणजे मुख्य ओळ उडाली की तिच्यासोबत आपोआप, चाइल्ड टेबलातल्या ओळी उडाल्या तर तिथले ट्रिगर चालतच नाहीत, हे त्यांच्या मॅन्युअलात सरळ लिहिलेलं आहे, वाचलं नव्हतं ते मीच. पोस्टग्रेसमध्ये कॅस्केडने उडवलेल्या ओळींवर पण ट्रिगर चालतात, हलवण्याचं अर्धं कारण तेच होतं.

पहिला आठवडा मस्त गेला. एका टेबलावर हवे तेवढे ट्रिगर, व्हेन लावून अट घालता येते, नावाच्या अक्षरक्रमाने चालतात. हो, अक्षरक्रमाने, मॅन्युअलातच आहे ते, म्हणून मी आता ए१०, ए२० अशी नावं देते, दिसायला गचाळ आहे पण कोण आधी चालणार ते नावावरूनच कळतं.

दुसऱ्या आठवड्यात शेठजींचा फोन. "मैडम, बिल डिलीट करते हैं, वापस आ जाता है." मला वाटलं ब्राउझरने साठवलेलं जुनं पान (कॅश) असेल, ब्राउझर रिफ्रेश करा वगैरे नेहमीचं सांगून झालं. मग स्वतः कन्सोलवर बसून एक बिल उडवलं, तर एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त उत्तर आलं डिलीट ०. समोर ओळ दिसतेय, आयडी बरोबर आहे, आणि सर्वर म्हणतो शून्य ओळी उडवल्या! दीड तास मी परमिशन बघत बसले. भानगड माझ्याच फंक्शनात होती. बिफोर ट्रिगर, इन्सर्ट अपडेट डिलीट तिघांसाठी एकच फंक्शन, आणि शेवटी रिटर्न न्यू, म्हणजे नवी ओळ परत करा. डिलीटच्या वेळी नवी ओळ नसतेच, न्यू म्हणजे नल (रिकामं), आणि ओळीवरच्या बिफोर ट्रिगरने नल परत केलं की पोस्टग्रेस समजतं ही ओळ सोडून द्या. गुपचूप सोडतं. डिलीटसाठी रिटर्न ओल्ड (जुनी ओळ) लिहिलं आणि झालं, एका ओळीचं काम. पण मार्क इथे कापले मी, कारण हे गुपचूप वागणं मुद्दाम ठेवलेलं आहे हे मान्य, काही वेळा हवंच असतं, तरी लॉगमध्ये एक कण तरी टाकायचा की राव.

त्या दिवसापासून ठरवलं की टेस्टशिवाय एकही ट्रिगर जाणार नाही. त्यासाठी पीजीटॅप घेतलं, पोस्टग्रेसला जोडायचं एक्स्टेन्शन आहे, टेस्ट एसक्यूएलमध्येच लिहायच्या. ट्रिगर आहे का, बरोबर फंक्शनला जोडलाय का, चुकीचा डेटा टाकल्यावर एरर येते का, हे सगळं तपासता येतं, आणि प्रत्येक फाइल बिगिनने सुरू आणि रोलबॅकने (केलेलं सगळं मागे घेऊन) बंद, त्यामुळे मागे काही कचरा राहत नाही. छान वाटतं ना? मला पण वाटलं.

पहिला दणका, बदलाची वेळ लिहिणारा ट्रिगर. टेस्टमध्ये ओळ टाकली, मग बदलली, आणि तपासलं की वेळ पुढे सरकली का. लाल, म्हणजे नापास. परत लाल. मध्ये दोन सेकंद थांबायला लावलं तरी लाल. कारण पोस्टग्रेसचं नाऊ हे ट्रान्झॅक्शन (बिगिनपासून कमिट किंवा रोलबॅकपर्यंतचं काम) सुरू झाल्याची वेळ देतं आणि माझी अख्खी टेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, मग घड्याळ सरकणार कुठून. ट्रिगर बरोबर होता, टेस्ट चुकीची. टेस्टमध्ये ओळ टाकतानाच कालची तारीख घातली, प्रश्न मिटला.

दुसरा दणका जास्त वाईट कारण तो हिरवा, म्हणजे पास होता. बिलातल्या ओळींची बेरीज आणि बिलाची रक्कम जुळते का हे बघणारा कन्स्ट्रेंट ट्रिगर आहे, तो डिफर्ड ठेवलाय म्हणजे कमिटच्या (बदल कायम करण्याच्या) वेळी चालतो, कारण ओळी एकेक करून पडतात, मध्ये कुठे जुळणार. त्याच्या चार टेस्ट होत्या, बरोबर बिल आरामात आत जातं वगैरे, महिनाभर सगळ्या हिरव्या. एकदा त्या फंक्शनात काहीतरी बदलताना चुकून बेरजेच्या जागी वजाबाकी झाली आणि टेस्ट तरी हिरव्याच. मग मुद्दाम फंक्शनात थेट एरर फेकली. हिरव्या! डोकं धरलं मी. रोलबॅक होणाऱ्या टेस्टमध्ये कमिट येतच नाही, तर डिफर्ड ट्रिगर चालणार कधी? महिनाभर मी न चालणारी गोष्ट पास करत होते. तपासणीच्या आधी सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट (पुढे ढकललेल्या तपासण्या आत्ताच करा) घातलं तेव्हा कुठे लाल दिसलं, आणि लाल बघून एवढा आनंद मला आजपर्यंत झाला नव्हता. आता नवीन टेस्ट लिहिली की आधी ट्रिगर बिघडवते, टेस्ट लाल होते का बघते, मगच दुरुस्त करते.

पीजीटॅपने एक गोष्ट सापडत नाही, दोन काउंटरवर एकाच वेळी शेवटचं पोतं विकणं. माझा ट्रिगर हालचालींची बेरीज करून माल शिल्लक आहे का बघायचा, पण दुसऱ्याचं कमिट न झालेलं बिल त्याला दिसत नाही, दोघांनाही वाटतं पोतं आहे. दोन खिडक्या उघडून हाताने बिगिन, इन्सर्ट, मग दुसरीकडे तेच, असं करून पाहिलं आणि स्टॉक उणे एक. ते बेरीजवालं लॉजिक काढूनच टाकलं, आता शिलकीच्या ओळीतून थेट वजा होतं, ती ओळ तेवढा वेळ लॉक असते म्हणून दुसरा थांबतो, आणि शून्याच्या खाली गेलं की टेबलावरची साधी चेकची अट अडवते.

स्पीडबद्दल. रात्रीची गोदामाची फाइल आधी कच्च्या टेबलात कॉपी होते, मग तिथून एकदम इन्सर्ट. ओळीगणिक ट्रिगर होता तेव्हा ते लावून मी चहा टाकायचे, गाळायचे, प्यायचे, तरी चालूच. क्वेरीला एक्सप्लेन अ‍ॅनालाइज (वेळ कुठे गेला ते दाखवणारी कमांड) लावलं तर खाली प्रत्येक ट्रिगरचं नाव, किती वेळा चालला आणि किती वेळ खाल्ला हे वेगळं दाखवतं, फॉरेन की च्या आतल्या ट्रिगरांसकट, ही सोय मला फार आवडली. (ते खरंच चालवतं हं, फक्त दाखवत नाही, रोलबॅकमध्ये गुंडाळा.) मग स्टेटमेंट लेव्हल (अख्ख्या कमांडला एकदाच चालणारा) ट्रिगर आणि ट्रान्झिशन टेबल वापरलं, २०१७ च्या व्हर्जन १० पासून आहे, सगळ्या नव्या ओळी एका टेबलासारख्या हातात मिळतात आणि एकाच अपडेटमध्ये काम. आता चहाचं पाणी उकळायच्या आत संपतं. कुरकुर एवढीच की असा ट्रिगर एकापेक्षा जास्त घटनांना चालत नाही, इन्सर्ट, अपडेट, डिलीट, तीन वेगळे लिहा.

ट्रिगरमध्ये अपडेट ऑफ अमुक कॉलम लिहिलं की तो कॉलम बदलला तरच चालेल असं वाटतं, तसं नाही, अपडेट कमांडच्या सेटच्या यादीत त्याचं नाव असलं की चालतो, किंमत तीच असली तरी. आमचं अ‍ॅप सगळे कॉलम पाठवतं, त्यामुळे बदलांच्या नोंदीत १०० चे १०० झाले असल्या ओळींचा ढीग. व्हेनमध्ये इज डिस्टिंक्ट फ्रॉम (जुन्यापेक्षा वेगळं असेल तरच) घातल्यावर थांबलं.

आणि डिसेबल ट्रिगर. जून महिन्यात जुना डेटा भरताना बंद केला आणि चालू करायचा विसरले. तो त्या सेशनपुरता बंद नसतो, सगळ्यांसाठी बंद असतो, दोन दिवस स्टॉक हललाच नाही आणि मुनीमजींनी वहीवरून पकडलं. ते वही अजून ठेवतात, मी आधी हसायचे त्यांना. आता रोज सकाळी एक क्वेरी पीजी ट्रिगर कॅटलॉग (पोस्टग्रेसची ट्रिगरांची यादी) बघते, कोणी बंद दिसला की मला मेसेज.

परवा शेठजी म्हणाले बिल बनलं की ट्रिगरातूनच गिऱ्हाइकाला एसएमएस जाऊ दे. नाही म्हटलं, बिल रोलबॅक झालं तर गेलेला एसएमएस परत कसा आणणार. त्याऐवजी नोटिफाय (पोस्टग्रेसने बाहेर निरोप देणं) लावते असं मी सांगितलं, तो निरोप कमिट झाल्यावरच बाहेर पडतो, बाहेरचा प्रोग्राम ऐकेल आणि पाठवेल. लिहून झालंय, टेस्ट बाकी आहे, आणि ती काही रोलबॅकवाल्या फाइलीत होणार नाही हे या वेळी आधीच लक्षात आलंय.