मराठी कुरआन, अरबी मुळासह: एका माळकरणीचा अभिप्राय

जाड पुठ्ठ्याची बांधणी, एका बाजूला अरबी, समोर मराठी, तळाला टिपा. किंमत तीनशेच्या आत. तालुक्याला पुस्तकांचे प्रदर्शन लागले होते तिथे घेतले. पुस्तक उजवीकडून उघडते. आपल्या सवयीने उघडाल तर थेट शेवटच्या पानावर पोचाल, आणि खरे सांगायचे तर नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. का ते पुढे सांगते.

मी श्रीगोंद्याची, निवृत्त शिक्षिका. गळ्यात माळ आहे, हरिपाठ चुकत नाही. शेख महंमदबाबांची समाधी आमच्याच गावात. मुसलमान घरात जन्मलेल्या माणसाने ओवीत ‘योगसंग्राम’ लिहिला याचे आम्हाला लहानपणापासून कौतुक. त्यांनी आपले इतके वाचले, मग आपल्यातल्या किती जणांनी त्यांचे वाचले? पटकन आठवतात ते विनोबा. ते अरबी शिकले आणि त्यांचे ‘कुराण-सार’ 1962 साली आले. ते माझ्याकडे आहे. तेव्हा सार असताना अख्खे कशाला, हा प्रश्न घेऊनच मी हे विकत घेतले.

आता क्रमाबद्दल. 114 सूरह म्हणजे अध्याय आहेत, आणि पहिली सात आयतींची (आयत म्हणजे वचन) प्रार्थना सोडली तर साधारणपणे मोठ्या आधी, लहान नंतर. म्हणजे दुसरीच सूरह 286 आयतींची. गोष्टीची वाट बघत बसलात तर कंटाळाल. तिथेच कुरआनातली सर्वात लांब आयत भेटते आणि ती आहे उधारीच्या व्यवहाराबद्दल: मुदत ठरली की लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने टाळाटाळ करू नये, साक्षीदार घ्या. अध्यात्म शोधायला बसलेल्या मला हे वाचून हसू आले आणि आमच्या बचत गटाची वही आठवली. शेवटच्या, तिसाव्या भागात मात्र छोट्या सूरह आहेत, श्वास लागावा अशा वेगाच्या. तिथून सुरू करून मग बारावी, यूसुफ पैगंबराची, सलग कथा म्हणून वाचावी.

टिपांमध्ये मला सर्वात आवडले ते हे, की जिथे ठाऊक नाही तिथे तसे सरळ लिहिले आहे. 29 सूरहांच्या आरंभी नुसती सुटी अक्षरे येतात, अलिफ लाम मीम वगैरे. टीप म्हणते, यांचा खरा अर्थ अल्लाहच जाणे. तिसऱ्या सूरहच्या सातव्या आयतीत तर पुस्तक स्वतःच सांगते की काही आयती स्पष्ट आहेत, काही संदिग्ध, आणि त्या संदिग्धांचा अर्थ अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही. लगेच पुढे ज्ञानी माणसांचा उल्लेख येतो. ‘अल्लाहशिवाय कोणी नाही’ इथे वाचताना थांबलात तर ज्ञानी माणसांच्या वाट्याला फक्त ‘आम्ही मानतो’ एवढेच उरते. न थांबता वाचलेत तर तेही जाणणाऱ्यांत बसतात. दोन्ही तऱ्हेने वाचणारे जाणकार होऊन गेले. आपल्या तुकोबांना विचारले असते तर ते न थांबता वाचणाऱ्यांत गेले असते. ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा’ म्हणणारा माणूस तो.

अठराव्या सूरहमध्ये मूसा पैगंबर एका जाणत्या पुरुषाच्या मागे जातो. तो पुरुष नावेला भोक पाडतो, एका मुलाला मारतो, ज्यांनी जेवायलाही घातले नाही त्यांच्या गावातली भिंत उभी करून देतो. मूसा दर वेळी विचारतो आणि दर वेळी ऐकून घेतो. पुरुषाचे नाव मूळ मजकुरात नाही. खिज्र हे नाव परंपरेने दिलेले, आणि टीप ते नीट सांगते. शेवटी तो पुरुष तिन्ही कृत्यांचा खुलासा करतो. नावेचा आणि भिंतीचा मला पटला. मुलाचा नाही पटला. टीप तिथे दोन ओळींत उरकते. तिथे पान खर्ची घालायला हवे होते.

याच सूरहच्या शेवटी समुद्राची शाई केली तरी परमेश्वराची वचने संपणार नाहीत असे आहे, आणि एकतिसाव्यात झाडांच्या लेखण्याही येतात. शिवमहिम्न म्हणणाऱ्या कुणालाही ‘असितगिरिसमं स्यात्’ आठवेल. पण लगेच सर्व धर्म एकच म्हणून मोकळे होऊ नये. आपल्याकडे लिहायला शारदा बसते. तिथे शारदेला जागाच नाही.

आणि मी मूर्तिपूजक आहे, हे हे पुस्तक मला विसरू देत नाही. मोबाईलवर फिरणारी, अनेकेश्वरवाद्यांना सापडतील तिथे मारा म्हणणारी नवव्या सूरहची पाचवी आयत मी मुद्दाम काढली. ती तिथे आहे, आणि तितकीच कठोर आहे. तिच्या लगेच पुढची आयत, अनेकेश्वरवाद्याने आश्रय मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित ठिकाणी पोचवा, ही फिरवणारे पाठवत नाहीत. दोन्ही वाचून मी निश्चिंत झाले असे मुळीच नाही. पण आता निदान माझी अडचण नेमकी कुठे आहे ते मला माहीत आहे.

म्हणून साराऐवजी अख्खेच घ्या असे मी म्हणेन. विनोबांनी विषयवार मांडले आहे, वाचायला सुरेख आहे. पण निवड म्हटली की गाळणे आलेच, आणि साराने मला एकदाही अडवले नाही. याने पुष्कळदा अडवले.

तक्रार कंसांची. अनुवादक स्वतःचे शब्द कंसात घालतो आणि काही ठिकाणी कंस मुळापेक्षा लांब. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घुसवणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवतो, असे नाथांनी बजावले होते. इथे नरोट्या बऱ्याच आहेत. विषयसूचीही तुटपुंजी.

शेजारच्या चाचींना पुस्तक दाखवले. आत अरबी आहे म्हटल्यावर त्या आधी वजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, आल्या, मगच हात लावला. मराठी पानाकडे त्यांनी पाहिलेही नाही. अरबी म्हणून दाखवले, सुरात, पाठ. अर्थ विचारला तर म्हणाल्या, ‘तो मौलानांना विचार.’ मीही पारायणात निम्म्या ओव्या अर्थ न कळता म्हणत आले आहे, तेव्हा मला ते चमत्कारिक वाटले नाही. मात्र त्या जे वाचतात ते माझ्या हातातल्या मराठीत नाही, एवढे कळले. प्रस्तावनेतही ‘हा केवळ भावार्थ’ असे छापले आहे, फार बारीक टाइपात.

पाचपैकी साडेतीन. टिपांचे अक्षरही तसेच बारीक, चाळिशीपुढच्यांनी घेण्याआधी एक टीप वाचून बघावी. अरबीसकट प्रत घेतलीत तर ती ठेवायला घरात उंचावर जागा करा. चाचींनी मला ज्ञानेश्वरीच्याच फळीवर ठेवायला लावली आहे.