विंचवाच्या विषाचे थेंब: शोधनिबंध खरा, बाटली खोटी, गेले ६९,८४९ रुपये

विंचवाच्या विषाचे थेंब औषध म्हणून विकत घेतले आणि फसलो. आधी आकडे सांगतो. नोंदणी फी ४,९९९. पहिल्या कोर्सच्या तीन बाटल्या आणि सोबतच्या कॅप्सूल, १८,६००. 'कोल्ड चेन'चं, म्हणजे माल थंड ठेवून पोचवायच्या सोयीचं, परत मिळणारं डिपॉझिट ७,५००. दुसरा कोर्स २६,४००. शेवटी कस्टममधून माल सोडवायचे म्हणून १२,३५०. एकूण ६९,८४९ रुपये, पाच वेळा यूपीआयने, पाच वेगळ्या खात्यांवर. प्रत्येक वेळी खातं का बदलतंय हे विचारलं नाही.

घरात आमवात आहे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मी फार्मसी शिकलोय, रोजचं काम औषधांचंच, म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. तरीही एक गोष्ट ठणकावून सांगतो: मी अंगारा-धुपाऱ्याला भुललो नाही. मला जो शोधनिबंध दाखवला तो खरा होता. मी तो स्वतः काढून वाचला, आणि तिथेच फसलो.

२०१८ साली अमेरिकेतल्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये क्रिस्टीन बीटन यांच्या गटाने हे काम केलं. सांध्याच्या अस्तरात ज्या पेशी असतात त्या आमवातात बेफाम वाढतात आणि कूर्चा, हाड कुरतडतात. त्यांच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जायची एक वाट असते. आयबेरिओटॉक्सिन नावाचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, ती वाट बुजवतं. आमवात घडवून आणलेल्या उंदरांना ते दिल्यावर आजार पुढे सरकायचा थांबला, काहींचे सांधे पुन्हा हलायला लागले. हे आयबेरिओटॉक्सिन १९९० साली वेगळं काढलं गेलं ते आपल्याच लाल विंचवाच्या विषातून, कोकणात दगडाखाली सापडतो त्याच. विकणाऱ्याने हा धागा बरोब्बर पकडला होता. 'कोकणातल्या लाल विंचवाचं शुद्ध विष, परदेशात सिद्ध झालेलं.' ऐकणाऱ्याला वाटतं, विंचू आपला, शोध खरा, मग अडचण कसली?

अडचण बाटलीत होती. ३० मिलिलिटरची तपकिरी बाटली, ड्रॉपर लावलेला, जिभेखाली ५ थेंब दिवसातून ३ वेळा. लेबलावर पुढे विंचवाचं चित्र आणि मागे, अल्कोहोलच्या टक्क्यांखाली, बारीक अक्षरात '३० सीएच'. मी ते वाचलं, आणि वाचूनही पुढे गेलो. याचा राग अजून जात नाही. होमिओपॅथीच्या मापात एक सीएच म्हणजे शंभरपट पातळ. तीस वेळा तसं केलं की १ वर ६० शून्यं इतकं पातळ. १२ सीएचच्या पुढेच मूळ पदार्थाचा एखादा रेणू हाती लागायची आशा संपते. हे गणित मला येतं. त्या दिवशी केलं नाही, कारण आदल्याच रात्री तो खरा निबंध वाचला होता आणि डोक्यात उंदरांचे सांधे हलत होते.

समजा लेबल खोटं असतं आणि आत खरंच विष असतं, तर? मग ते आणखी वाईट. लाल विंचवाच्या कच्च्या विषात आयबेरिओटॉक्सिन अगदी अल्प असतं. बाकी त्यात सोडियमच्या वाटा उघड्या ठेवणारी विषं असतात: उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ज्या विषाचे रुग्ण मरणाच्या दारातून ओढून आणले ते हेच विष. म्हणजे 'शुद्ध विष' असेल तर ते घातक, आणि घातक नसेल तर त्यात विष नाही. तिसरी शक्यताच नाही.

आणि जिभेखाली थेंब? आयबेरिओटॉक्सिन ३७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे. एवढा रेणू जिभेखालून रक्तात शिरत नाही आणि गिळला तर पोटात पचतो. तुलनेला एक खरं उदाहरण घ्या. समुद्रफूल या सागरी प्राण्याच्या विषावरून बनवलेलं डॅलॅझॅटाइड हे औषध सोरायसिसच्या २४ रुग्णांत तपासलं गेलं, तेव्हा ते आठवड्यातून दोनदा ३० किंवा ६० मायक्रोग्रॅम असं, त्वचेखाली सुईने दिलं होतं. विंचवाच्या विषातून आलेलं, आमवातासाठी मंजूर झालेलं औषध आज विकत मिळत नाही. थेंब विकणारा कुणीही भेटला तर बोलणं तिथेच संपवा.

तुम्ही विचाराल, मग दुसरा कोर्स का घेतला? कारण पाचव्या दिवशी सूज उतरली. सकाळी मूठ वळेना ती वळायला लागली, बोटातली अंगठी फिरू लागली. डोळ्यांसमोर दिसत असताना शंका कुठून येणार? हा गुण थेंबांचा नव्हता. सोबतच्या 'सहाय्यक वनस्पती' कॅप्सूल खासगी प्रयोगशाळेत एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घेतल्या. प्रत्येकीत १.५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. दिवसाला दोन, म्हणजे ३ मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं स्टेरॉइड, कुणाच्या देखरेखीशिवाय, आठ आठवडे. उपाशीपोटीची साखर ९६ वरून १७८ झाली तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. 'दोन औषधं एकत्र चालत नाहीत' असं सांगून त्यांनी आमवाताचं चालू असलेलं औषध, आठवड्याचं १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्झेट, बंद करायला लावलं. स्टेरॉइडने दुखणं झाकलं गेलं आणि आत हाडाची झीज रोखणारं औषध बंद. चालू औषध बंद करायला सांगणारा कुणीही असो, दार दाखवा.

कुणी अशा कॅप्सूल घेत असेल तर हे वाचून आज रात्री एकदम थांबवू नका. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल ग्रंथी झोपलेली असते. अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांना कॅप्सूल दाखवा, ते मात्रा उतरवत आणतील.

कस्टमचे १२,३५० मागितले तेव्हा तरी उमगायला हवं होतं. विंचू कोकणातला, बाटली इथे भरलेली, मग कस्टम कशाचं? फोनवर तो माणूस म्हणाला, 'प्रक्रिया बाहेर होते.' आणि मी पाठवले.

आता दाद मागायला गेलो तर काय झालं ते ऐका. ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवलेत. औषधांच्या कचेरीत म्हणाले, कॅप्सूलवर खाद्य परवान्याचा १४ आकडी नंबर आहे, खाद्यवाल्यांकडे जा. खाद्यवाले म्हणाले, रोग बरा करायचा दावा आहे, म्हणजे औषध, परत तिकडे जा. थेंब होमिओपॅथीचे, ते तिसऱ्या टेबलाचे. चार फेऱ्या, तीन अर्ज, पोच एकाचीच. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम २६ प्रमाणे विकत घेतलेलं औषध कुणालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. हे मी सांगितलं तर समोरच्याने 'असं काही नसतं' म्हणून फाइल बंद केली. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत संधिवात आहे, ल्युपस आहे, त्यांवर इलाजाची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. ती जाहिरात मी छापून नेली होती. कागद परत माझ्याच हातात दिला. विकणाऱ्यांचं बिऱ्हाड पाठीवर, आज हा नंबर, उद्या तो, आणि पुरावा आणायचा आम्ही.

'ट्रायल चालू आहे' म्हणत असतील तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियाचा क्रमांक मागा आणि स्वतः शोधा. १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची आहे, आणि चाचणीतल्या माणसाकडून औषधाचे पैसे घ्यायचे नसतात. माझी ४,९९९ 'नोंदणी फी' तिथेच उघडी पडली असती. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी १९ दिवसांनी केला, तोवर पाचही खाती रिकामी होती. बिल मागा, नुसती पावतीची प्रतिमा म्हणजे बिल नव्हे. बाटली, खोका, उरलेल्या कॅप्सूल फेकू नका, बॅच नंबर दिसेल असा फोटो काढा आणि सीलबंद पिशवीत ठेवा. उघडलेली बाटली नमुना म्हणून चालत नाही असं मला सांगितलं गेलं, म्हणून एक तरी न उघडलेली राखा. माझ्याकडे दुसऱ्या कोर्सची एक न उघडलेली बाटली आणि ११ कॅप्सूल आहेत. पुढचा अर्ज त्यांच्यासकट, पोस्टाने, पोचपावती लावून जातोय.